शब्द, स्वर आणि नळजोडणी

मी नायगावला राहतो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी मला दादरच्या नायगावात नेऊन सोडतो. तिथून त्याला बाहेर काढावं तर तो थेट सातारा जिल्ह्यात शिरतो आणि "अरे वा, म्हणजे सावित्रीबाईंचं गाव!" असं म्हणून माझ्याकडे आदरानं पाहू लागतो. हा आदर अर्धाएक मिनिट उपभोगून झाला, की मग मी खरं काय ते सांगतो. भाईंदर सोडल्यावर गाडी खाडीचा पूल ओलांडते. पुलापलीकडचं पहिलं स्टेशन, वसई रोडच्या अलीकडचं, ते आमचं नायगाव. पश्चिमेला उमेळे, पूर्वेला जूचंद्र, आणि पूर्वी जिकडे पाहावं तिकडे मिठागरं. आता थोडी मिठागरं आणि पुष्कळ इमारती. त्यांतल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझं बिऱ्हाड आहे. खिडकीतून खारं पाणी दिसतं. गोडं पाणी टँकरनं येतं.

मी बँकेत कारकून आहे. बी. कॉम., सेकंड क्लास. शिवाय सोसायटीचा सेक्रेटरी. ज्या सभेत सेक्रेटरी निवडायचा होता त्या सभेला मी गैरहजर राहिलो, म्हणून एकमतानं निवडून आलो. आणि दिवाळी अंकांतून वर्षाकाठी दोन-तीन विनोदी लेख छापून येतात, त्यामुळे आमच्या भागात मी 'लेखक' म्हणूनही बदनाम आहे. या तिन्ही गुन्ह्यांची शिक्षा मला एकाच दिवशी भोगावी लागली. तो दिवस म्हणजे गेली २६ जानेवारी.

प्रकरण सुरू झालं भोगीच्या संध्याकाळी. बेल वाजली, दार उघडलं, तर दारात भाऊ. भाऊ म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. त्यांचं नाव मी सांगत नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे हे वर आलंच आहे. आमचा नळजोडणीचा अर्ज तेव्हा चौदा महिने कुठल्याशा टेबलावर झोपला होता, आणि त्याला जागं करायचं तर ते भाऊंनीच करावं असं जाणकारांचं मत होतं. त्यामुळे भाऊ स्वतः होऊन आलेले पाहताच मी हिला चहा टाकायला सांगितलं आणि अर्जाची झेरॉक्स शोधू लागलो.

"ते राहू द्या," भाऊ म्हणाले. "तुमच्याकडे एक कलेचं काम आहे."

त्यांनी खिशातून चौघडी केलेला कागद काढला. भाऊंनी देशभक्तिपर गीत लिहिलं होतं. नुसतं लिहून ते थांबले नव्हते. २६ जानेवारीला आमच्या सोसायटीच्या आवारात ते स्वतः गाणारही होते.

"शब्द आपले, स्वर आपला," भाऊ म्हणाले.

"आणि चाल?"

"चालही आपलीच. कुणी ओळखली तर सांगा, थोडी बदलू."

मी कागद वाचला. सुरुवात अशी होती:

भारतमाते तुझ्याचसाठी लागला मला ध्यास,
नायगाव ते काश्मीर माझा एकच हा प्रवास.

या प्रवासात निदान दोनदा गाडी बदलावी लागते, हे ओठांवर आलेलं वाक्य मी चहाबरोबर गिळलं. दुसऱ्या कडव्यात चिमाजी अप्पा होते. १७३९ साली त्यांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, हा इतिहास भाऊंनी बरोबर दिला होता. फक्त 'चिमाजी'ला यमक म्हणून 'नमाजी' असं काहीसं बसवलं होतं, ते मी 'नमतो जी' केलं. चौथ्यात हिमालय, पाचव्यात जवान आणि किसान. तिसऱ्या कडव्यात मात्र देश कुठेच नव्हता. तिथे मिठागरात घमेलं वाहणारा एक माणूस होता, त्याच्या पायांच्या भेगा होत्या, भेगांत शिरणारं मीठ होतं आणि संध्याकाळी ते पाय गोड्या पाण्यानं धुणारं एक लहान पोर होतं.

"हे काय?" मी विचारलं.

भाऊ जरा घुटमळले. "आमचे वडील," ते म्हणाले.

मी लाल पेन काढलं. खातेदाराची सही जुळत नसली की चेक परत करताना आवाजात जो थंडपणा येतो, तो आणून मी म्हणालो, "विषयाला सोडून आहे. देशभक्तिगीतात देश हवा."

"काढा म्हणता?"

"काढा."

भाऊंनी मान हलवली. मग म्हणाले, "आता दुसरं. बॅनर छापायला टाकतोय. 'महाराष्ट्राच्या इतिहासात प्रथमच! नेत्याने स्वतः लिहिलेले व स्वतः गायिलेले देशभक्तिगीत!' त्याच्या आधी दोन मिनिटं तुम्ही बोला. इतिहास-बितिहास घाला. तुमचं वाचन आहे."

भाऊ गेले. आता, कारकुनाला एक खोड असते. समोर आलेला आकडा खरा की खोटा, हे ताडून पाहिल्याशिवाय त्याचा हात शिक्क्याकडे जात नाही. 'प्रथमच' हा शब्द माझ्या घशात संक्रांतीच्या तिळासारखा अडकून बसला. तो काढण्यासाठी मी दोन रविवार वाचनालयात घालवले, आणि जे हाती लागलं ते दोन मिनिटांत बसण्यासारखं नव्हतं.

सुरुवात नाशिकहून करावी लागते. हिचं माहेर नाशिकचं असल्यामुळे आमच्या घरात बहुतेक गोष्टींची सुरुवात तिथूनच होते, पण या वेळी इतिहासाचीही तीच इच्छा होती. १९०० सालच्या सुमारास तिथल्या तिळभांडेश्वर गल्लीत काही पोरांनी 'मित्रमेळा' काढला. वरून गणपती-उत्सवातला मेळा, आतून क्रांतिकारकांची संघटना. १९०४ साली तिचंच 'अभिनव भारत' झालं. पोरांचा म्होरक्या विनायक दामोदर सावरकर. वयाच्या विशीत, १९०३ साली, त्यानं 'जयोऽस्तुते' लिहिलं. पुढे बाजीप्रभूचा आणि सिंहगडाचा असे दोन पोवाडे रचले. पोरं ते गल्लोगल्ली म्हणू लागली आणि सरकारनं दोन्हींवर बंदी घातली. शिवाजी महाराजांचे मावळे जाऊन अडीचशे वर्षं होत आली होती, तरी इंग्रजांना त्यांची भीती वाटत होती, ही गोष्ट मावळ्यांना कळायला हवी होती.

याच मेळ्यात गोविंद त्र्यंबक दरेकर नावाचा एक कवी होता. कवी गोविंद. पायांनी अधू. आधी लावण्या रचत असे. या पोरांची संगत लागली आणि लावणी सुटली. सरकारच्या दृष्टीनं त्यानं लावण्याच रचत राहायला हवं होतं. कारण त्याच्या कविता 'लघु अभिनव भारत माला' या नावाखाली सावरकरांचे थोरले बंधू गणेशपंत, म्हणजे बाबाराव, यांनी छापल्या, आणि त्यांतल्या चार कवितांवरून १९०९ साली बाबारावांवर खटला भरण्यात आला. कलम कुठलं? एकशेएकवीस. म्हणजे राजाविरुद्ध युद्ध पुकारणे.

मी हे वाक्य दोनदा वाचलं. बंदूक नाही, बाँब नाही, चार कविता. त्याही स्वतः लिहिलेल्या नव्हेत, छापलेल्या. शिक्षा जन्मठेप, काळं पाणी. बाबाराव हायकोर्टात गेले. तिथल्या मराठी जाणणाऱ्या न्यायमूर्तींनी कविता नीट वाचून असा अर्थ काढला, की कवीनं देवादिकांची आणि शिवाजीसारख्या वीरांची नावं नुसती पुढे केली आहेत. त्याला लढाई हवी आहे ती चालू सरकारशी. मराठी कवितेचं इतकं अचूक रसग्रहण त्यानंतर एखाद्या विद्यापीठात झालं असेल की नाही, मला शंका आहे. शिक्षा नोव्हेंबर १९०९ मध्ये कायम झाली. अंदमानात कोलू वगैरे भोगून, १९२१ साली इकडच्या तुरुंगात येऊन, अखेर १९२२ साली पार खंगलेले बाबाराव सुटले. म्हणजे चार कवितांना ढोबळमानानं तेरा वर्षं. दर कवितेमागे सव्वातीन. हा हिशेब मी सवयीनं केला, आणि करून झाल्यावर मला तो पुसावासा वाटला.

या सगळ्या धामधुमीत विनायकराव इंग्लंडात. १९०६ साली बॅरिस्टर व्हायला गेलेले. परीक्षा पास होऊनही पदवी अडवलेली. १९०९ च्या जुलैत धिंग्रांनी कर्झन वायलीला लंडनात गोळी घातली, ऑगस्टात धिंग्रा फाशी गेले, इकडे वडीलभाऊ तुरुंगात. अशा अवस्थेत सावरकर ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर बसले होते, बरोबर बिपिनचंद्र पालांचा मुलगा निरंजन. तिथे ते आपल्याशीच गुणगुणू लागले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, असं निरंजन पालांनी पुढे लिहून ठेवलं आहे. तेच 'ने मजसी ने'. राजकारणी माणसानं स्वतः लिहिलेलं, स्वतः गायिलेलं देशभक्तिगीत. श्रोते एकूण एक. त्या एकाला मराठी फारसं कळत नसावं. हे निरंजन पाल नंतर बॉम्बे टॉकीजचे पटकथालेखक झाले, 'अछूत कन्या' त्यांचीच. पण इतका चांगला प्रसंग त्यांना पुन्हा मिळाला असेल असं वाटत नाही.

मार्च १९१० मध्ये सावरकरांना लंडनात अटक झाली आणि पुढे दोन जन्मठेपी, म्हणजे पन्नास वर्षं. त्यांच्या नंतरच्या राजकारणाविषयी मराठी घरांत दोन मतं असतात. आमच्या घरात तीन आहेत, कारण माझे सासरे अधूनमधून राहायला येतात. पण हे गाणं लागलं की तिन्ही मतं गप्प होतात.

आता आमच्या मिठाकडे वळतो. १९३० साली गांधीजींनी मूठभर मीठ उचललं तेव्हा अमळनेरच्या शाळेत पांडुरंग सदाशिव साने नावाचे मास्तर होते. १९२४ पासून शिकवत होते. मिठाची बातमी आली आणि मास्तरांनी नोकरी सोडली. सोडली म्हणजे रजा काढली नाही, राजीनामा दिला. पगारदार माणसानं हे वाक्य सावकाश वाचावं. मग धुळ्याचा तुरुंग, त्रिचनापल्लीचा तुरुंग, नाशिकचा तुरुंग. धुळ्याला १९३२ साली विनोबा गीतेवर बोलत, ते साने गुरुजींनी उतरवून घेतलं. नाशिकला १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. आणि मधल्या काळात कविता. १९३५ साली त्यांचा 'पत्री' नावाचा संग्रह निघाला आणि सरकारनं तो जप्त केला.

जप्ती हा माझ्या धंद्यातला शब्द. टीव्ही, टेम्पो, फ्लॅट यांची जप्ती मी पाहिली आहे. कवितेची जप्ती आणायची तर तिचं मूल्यांकन कसं करत असतील? त्यातून नाव 'पत्री'. गौरी-गणपतीला वाहतात ती झाडाची पानं; बाजारात जुडी मिळते, आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य. सरकारनं मात्र तिची किंमत बरोबर लावली होती असं म्हणायला हवं.

पुढे १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्यासाठी गुरुजींनी खानदेश पायाखाली घातला. शेतकऱ्यांसाठी त्यांनी लिहिलेलं 'आता उठवू सारे रान' सभांतून, मोर्च्यांतून लोकांच्या तोंडी झालं. 'बलसागर भारत होवो' तर आम्हाला शाळेत दर सोमवारी होतं. गुरुवारी 'जयोऽस्तुते'. राजकारणाच्या वहीत ही दोन माणसं समोरासमोरच्या पानांवर, एक जमेकडे तर एक नावेकडे. कुठली कुठे, ते ज्यानं त्यानं आपल्या मतानुसार ठरवावं. शाळेच्या प्रार्थनेत मात्र दोघांमध्ये फक्त तीन दिवसांचं अंतर. मी दहा वर्षं ही गाणी म्हटली. दहाही वर्षं माझं लक्ष पुढच्या रांगेतल्या मुलाच्या डब्यावर होतं.

शाहिरांचं प्रकरण तर मोठंच आहे. पण मला दोनच मिनिटं मिळाली होती. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक काढलं. तिघेही कम्युनिस्ट. अण्णाभाऊंची शाळा जेमतेम दीड दिवसाची, म्हणजे त्यांच्या डोक्यावर 'विषयाला सोडून आहे' म्हणून लाल पेन चालवणारा मास्तर बसला नाही. सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा अण्णाभाऊंनी त्याचंच 'लोकनाट्य' केलं. पाटी बदलून धंदा चालू ठेवणं व्यापाऱ्यांना जमतं हे ठाऊक होतं. शाहिरांनाही जमतं हे नवीन कळलं. त्यांची 'माझी मैना' ही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेली छक्कड. वरून पाहावं तर बायकोला गावी ठेवून मुंबईला आलेल्या गड्याचं गाणं. म्हणजे माझ्या लाल पेनानं पहिली तीन कडवी नक्की उडवली असती.

आणि परदेशात? सेनेगलचं राष्ट्रगीत तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष लेओपोल्ड सेंघोर यांनी लिहिलं. ते मुळात कवीच. अप्पर व्होल्टा देशाचं १९८४ साली बुर्किना फासो असं नामकरण झालं, तेव्हा नवं राष्ट्रगीत राष्ट्राध्यक्ष थॉमस संकारा यांनी लिहिलं. ते गिटारही वाजवत. १९८७ साली त्यांची हत्या झाली.

२४ तारखेला मी हे सगळं घेऊन भाऊंकडे गेलो. सावरकर, साने गुरुजी, शाहीर, दोन राष्ट्राध्यक्ष. म्हटलं, 'प्रथमच' हा शब्द तेवढा बॅनरवरून काढावा. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बॅनर छापून आला," ते म्हणाले. "ते सेंघोर किती वर्षं राष्ट्राध्यक्ष होते म्हणालात?"

"वीस. १९६० ते १९८०."

"त्यांना घ्या. ते गिटारवाले नकोत."

घरी येऊन मी दोन पानी भाषण लिहिलं. पहिल्या पानावर सेंघोर, चिमाजी अप्पा आणि भाऊंचं कलाप्रेम. दुसऱ्या पानावर नाशिक. चार कविता, कलम एकशेएकवीस, तेरा वर्षं. रात्री ते हिला वाचून दाखवलं. माझे विनोदी लेख ही भाजी निवडत ऐकते. या वेळी निवडायची थांबली. "तिळभांडेश्वर गल्लीतून मी क्लासला जायची," ती म्हणाली. "हे वाचाच हं."

२६ तारीख उजाडली. आवारात मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांसमोर माणूसभर उंचीचे स्पीकर. स्पीकरचं भाडं सोसायटीनं दर घरटी दोनशे रुपये वर्गणी काढून भरलं. पूर्वी गाण्याचा खर्च गाणाऱ्याला पडत असे, आता ऐकणाऱ्याला पडतो; ही नोंद त्या दिवशी माझ्याच सहीच्या पावतीपुस्तकात झाली.

झेंडावंदन झालं. राष्ट्रगीत झालं, बावन्न सेकंदांत. माझं नाव पुकारलं. मी माइककडे निघालो तोच भाऊंचा एक कार्यकर्ता कानाशी आला आणि म्हणाला, "नळाचं भाऊंनी मनावर घेतलंय. सोमवारी माणूस येईल."

एवढंच म्हणाला. धमकी नव्हती, अट नव्हती. बातमी म्हणून सांगितलं. पण मी पहिलं पान वाचलं, सेंघोर झाले, वीस वर्षं झाली, चिमाजी अप्पा झाले, टाळ्या पडल्या. दुसऱ्या पानाकडे माझा अंगठा गेला. समोर तिसऱ्या रांगेत ही बसली होती. तिच्या मागे मांडवाच्या फटीतून टँकरची सोंड दिसत होती. बाबारावांनी चार कवितांपायी काळं पाणी पत्करलं. मला तर गोडं पाणीच हवं होतं, तेही अर्ध्या इंचाच्या पाइपातून. मी कागदाची घडी केली, "आता अधिक वेळ न घेता" म्हणालो आणि खाली उतरलो.

भाऊ उभे राहिले. पेनड्राइव्हवरचं संगीत सुरू झालं, आणि त्याच क्षणी आमच्या तळमजल्यावरचे निवृत्त हवालदार खाडकन उभे राहिले. त्यांना वाटलं, हेही कुठलं तरी राष्ट्रगीत असावं. ते उभे राहिले म्हणून पहिली रांग उभी राहिली, पहिली उभी राहिली म्हणून दुसरी. देशभक्तिगीताला उठून उभं राहणं सोपं. खाली बसायची सुरुवात कोणी करायची, हा प्रश्न अवघड. कुणीच केली नाही. शेजारच्या आजी एका हातानं गुडघा आणि दुसऱ्या हातानं नात धरून उभ्या होत्या. गाणं सात मिनिटांचं होतं.

भाऊंचा सूर काश्मीरला पोचेपर्यंत दोनदा रुळावरून घसरला. चिमाजी अप्पांच्या कडव्यात संगीत पुढे आणि भाऊ मागे अशी शर्यत लागली. कुणीतरी चाल ओळखली आणि मागच्या पोरांनी मूळ हिंदी शब्द हळूच म्हणायला सुरुवात केली. मी जमिनीकडे पाहत होतो.

मग भाऊंनी हात वर करून संगीत थांबवायला सांगितलं. मला वाटलं, विसरले. पण त्यांनी डोळे मिटले आणि संगीताशिवायच तिसरं कडवं सुरू केलं. माझ्या लाल पेनानं काढलेलं. घमेलं, भेगा, भेगांतलं मीठ, संध्याकाळी पाय धुणारं पोर. ते गाताना भाऊ कुठेही बेसूर झाले नाहीत. मागची पोरं गप्प झाली. जूचंद्रहून आलेली चार-पाच म्हातारी माणसं कडेला उभी होती. त्यांतल्या एकानं डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि मग काय करावं न कळून पुन्हा घातली. 'पाय' या शब्दावर भाऊंचा आवाज अडकला. त्यांनी घसा खाकरला, संगीतवाल्याला खूण केली आणि हिमालयाकडे निघाले. तिथे पुन्हा बेसूर झाले.

नंतर अल्पोपाहार झाला. भाऊ मला म्हणाले, "ते कडवं तुम्ही काढलं होतंत. पण राहवलं नाही बघा." मी म्हणालो, "छान झालं." ते वाक्य त्या दिवशी मी जे जे बोललो त्यातलं एकमेव खरं होतं.

घरी येईपर्यंत ही काही बोलली नाही. पंखा लावला, बाहेरची साडी बदलली, डाळ धुवायला घेतली. मग पाठमोरी असतानाच म्हणाली, "तुमचं भाषण दोन पानांचं होतं."

"वेळ नव्हता."

"गाणं सात मिनिटं चाललं."

माझ्या वरच्या खिशात दुसरं पान तसंच होतं. ते मी सोसायटीच्या फाइलमध्ये, नळजोडणीच्या अर्जाच्या झेरॉक्सखाली, ठेवून दिलं. आज हा लेख लिहायला घेतला तेव्हा तिथूनच काढलं.

सोमवारी माणूस आला नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही आला नाही. आला तो होळीनंतर. खड्डा खणून गेला. मग पाइप आला, मग मीटर आलं, आणि अखेर एप्रिलच्या एका पहाटे साडेचार वाजता नळानं दोन शिंका दिल्या, थोडं गढूळ पाणी थुंकलं आणि वाहू लागला. भाऊंमुळे आला, की अर्जाची झोप आपोआप पुरी झाली म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. पाणी दिवसाआड येतं, पहाटे साडेचार ते सव्वापाच. सेक्रेटरी म्हणून पहिला उठतो तो मी. आधी सोसायटीचा पंप लावायचा, मग घरातले ड्रम, मग बादल्या, शेवटी हंडा-कळशी.

परवा अशाच एका पहाटे मी बादलीखाली हात धरून उभा होतो. अंधार होता. खाडीच्या पुलावरून पहिली गाडी गेल्याचा आवाज आला. मी काहीतरी गुणगुणत होतो हे माझ्या लक्षात नव्हतं. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

"ते कडवं तुम्ही काढायला सांगितलं होतंत ना?"

बादली भरून वाहत होती. मी नळ जरा बारीक केला आणि दुसरी बादली लावली.